कोट आणि वखार

इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची फौज सुरतेवर चालून गेली, तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. बचावले ते आपापल्या वखारीच्या दारावर पहारा देणारे इंग्रज आणि वलंदेज. पुढे औरंगजेबाच्या हुकमाने शहराला कोट घातला गेला. परंतु १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले आणि तो कोट सुरतेच्या कामी आला नाही. तेव्हा आपण कोटाबाहेर होतो. आज उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणारी खानदेशची हजारो माणसे कोटाच्या आत आहेत. म्हणून सुरतेच्या राखणीचा प्रश्न आपलाही आहे.

आजची सुरत तापीकाठापुरती उरलेली नाही. खजोद येथे १७ डिसेंबर २०२३ रोजी हिरे बाजाराच्या भव्य वास्तूचे उद्घाटन झाले खरे. पण हिऱ्याला पैलू पडतात सुरतेत, आणि त्याचा सौदा वांद्रे-कुर्ला संकुलात, अँटवर्पला किंवा हाँगकाँगला ठरतो. पुडके विश्वासू अंगडिया नेतो. मात्र कच्च्या खड्याचा आलेख, त्याचा भाव, गिऱ्हाइकाचे नाव आणि पैसे कोणत्या खात्यात भरावेत याची सूचना, हे सारे तारेवरून जाते. खडा तिजोरीत सुरक्षित आणि त्याचे मर्म रस्त्यावर, अशी ही अवस्था आहे.

दूरदूरच्या कचेऱ्यांना जोडणाऱ्या या व्यवस्थेला ‘वाइड एरिया नेटवर्क’ म्हणतात. तिची जुनी रचना कोटासारखी होती. भाड्याच्या तारांनी सर्व शाखा मुख्य कचेरीला जोडायच्या आणि तेथील एकाच दरवाज्यावर झडती घ्यायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि कारकून, हिशेबनीस घरून काम करू लागले. त्यांच्या हाती ‘व्हीपीएन’ची किल्ली देण्यात आली. पुष्कळ ठिकाणी ही एकच किल्ली सारा वाडा उघडते. ती चोराच्या हाती लागली की दिवाणखान्यापासून कोठारापर्यंत त्याला अडविणारे कोणी नसते.

ही भीती काल्पनिक नव्हे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरलेला ‘नॉटपेट्या’ हा विषाणू मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला, आणि आपल्या उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. घानातील कचेरीत नेमकी वीज गेलेली होती, म्हणून कंपनीच्या एका कळीच्या नोंदवहीची प्रत तेवढी वाचली. खंडित विजेने तारावे, याला संरक्षण म्हणत नाहीत. ते दैव होय.

उपाय वखारीच्या पहाऱ्याचा आहे. माणूस कोटाच्या आत आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नये. प्रत्येक दारी त्याची ओळख दोन खुणांनी पटवावी, त्याचे यंत्र निर्दोष आहे की नाही ते पाहावे आणि कामापुरतीच खोली उघडावी. भाड्याच्या महागड्या तारेऐवजी दोन-तीन साध्या जोडण्या एकत्र घेऊन, मजकूर सांकेतिक करून, सॉफ्टवेअरच्या देखरेखीखाली तो पाठविता येतो. एक वाट तुटली तरी दुसरी चालू राहते. नोंदींची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी. आणि खाते बदलल्याचे पत्र आले, तर पैसे धाडण्यापूर्वी ओळखीच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. याला तर कवडीही लागत नाही.

खर्चाची सबब आम्हांस ठाऊक आहे. तथापि हिऱ्यासाठी पोलादी तिजोरी घेताना जो व्यापारी हात आखडत नाही, त्याने येथेच कद्रूपणा का करावा? एप्रिल २०२२ मधील सर्ट-इनच्या आदेशाने अशा घटनेची खबर सहा तासांत देणे बंधनकारक केले. परंतु अब्रूच्या भयाने चोरी झाकण्याची बाजारातील सवय मोडल्याखेरीज तो आदेश कागदावरच राहील.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. पहारा दारावर असावा, नोकराच्या मानेवर नसावा. सुरक्षेच्या नावाखाली घरी काम करणाऱ्यांवर चोवीस तास नजर ठेवणे, आणि चोरी झालीच तर कच्ची किल्ली देणाऱ्या मालकाने हिशेबनिसाला घरी बसविणे, हा न्याय नव्हे. इनायतखान किल्ल्यात सुखरूप राहिला. लुटले गेले ते शहर. आजच्या मालकांनी तो कित्ता गिरवू नये.