वितळत्या औषधावर पहारा

१९९८ साली अ‍ॅबट कंपनीच्या ‘नॉर्विर’ या एचआयव्हीवरच्या औषधाच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. आतलं रिटोनाविर तेच होतं. फक्त त्याचे रेणू एका नव्या स्फटिकरचनेत बसू लागले होते आणि त्या रूपात ते जवळजवळ विरघळतच नव्हतं. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. ज्यांचं आयुष्य या औषधावर तोललेलं होतं, अशा रुग्णांना अतिशय वाईट चवीच्या द्रवरूप औषधावर भागवावं लागलं.

यावर पुढे जो उपाय सापडला, तो प्लास्टिक उद्योगातून आला होता: हॉट मेल्ट एक्स्ट्रूजन. औषधाची भुकटी आणि पॉलिमर तापलेल्या बॅरलमध्ये सोडायचे. आत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन स्क्रू ते मळतात, वितळवतात आणि पुढच्या टोकाच्या डायमधून सलग बाहेर ढकलतात. थंड झालेल्या मालात औषधाचे रेणू पॉलिमरमध्ये विखुरलेले राहतात, त्यांना स्फटिक बांधायला वाव उरत नाही. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी दोन्ही साखरेच्याच; पण खडीसाखर स्फटिक असते, लिमलेटची गोळी काचेसारखी. औषध हवं असतं ते या दुसऱ्या रूपात.

या पद्धतीने केलेल्या ‘कॅलेट्रा’च्या गोळ्यांना अमेरिकेत २००५मध्ये मंजुरी मिळाली. लोपिनाविर आणि रिटोनाविर यांच्या या जोडऔषधाच्या दिवसाला सहा कॅप्सूल लागत, त्याही फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. आता चार गोळ्या पुरू लागल्या आणि फ्रिजची गरज संपली. लहान मुलांच्या पातळ औषधात तर सुमारे ४२ टक्के अल्कोहोल होतं. मुंबईच्या सिप्लाने याच तंत्राने बारीक दाणे बनवले, कॅप्सूल उघडून मऊ खाण्यावर पसरता येतील असे. २०१५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांना तात्पुरती मंजुरी दिली. औषधनिर्मितीतल्या फार थोड्या सुधारणा थेट मुलांच्या ताटापर्यंत पोचतात, म्हणून ही विशेष मोलाची.

पण एक्स्ट्रूडर थांबत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. जुन्या पद्धतीत बॅच पुरी झाली की नमुने प्रयोगशाळेत जातात आणि निकाल येईपर्यंत माल अडवून ठेवतात. सलग उत्पादनात तोवर किती तरी माल पुढे गेलेला असतो. तापमान जरा कमी पडलं, तर न वितळलेले स्फटिक मागे राहतात आणि तेच पुढे नव्या स्फटिकांचं बीज ठरू शकतात. तापमान चढलं, तर औषध करपतं. फीडरमधून भुकटी कमीजास्त पडली, तर मात्राच चुकते.

म्हणून तपासणी यंत्रातच नेली जाते. एफडीएने २००४मध्ये ‘प्रोसेस अ‍ॅनालिटिकल टेक्नॉलॉजी’ची मार्गदर्शक सूचना काढून या वाटेला अधिकृत बळ दिलं. डायमध्ये, वितळलेल्या मालाला भिडेल असा, पेन्सिलीएवढा प्रोब बसवतात. त्याच्या टोकाला उष्णता आणि घर्षण सोसणारी नीलमण्याची खिडकी असते. तिच्यातून प्रकाश आत जातो आणि काही सेकंदांत वर्णपट हाती येतो. जवळच्या अवरक्त प्रकाशावरून औषधाचं प्रमाण कळतं, तर रामन वर्णपटावरून स्फटिक उरलेत का ते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८मध्ये कोलकात्यात शोधलेला परिणाम इथे गोळीची राखण करतो. माल गढूळ किंवा पिवळसर होऊ लागला, तर दृश्य आणि अतिनील प्रकाशाचे प्रोब ते टिपतात. स्क्रूवरचा टॉर्क आणि डायमागचा दाबही सतत नोंदला जातो.

दोष दिसला, तर सगळा माल फेकावा लागत नाही. भुकटीचा कण आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती वेळ घेतो, हे आधी मोजलेलं असतं. मात्र सगळे कण एकाच वेळी बाहेर पडत नाहीत; काही रेंगाळतात. त्यामुळे दोषाच्या मागचापुढचाही थोडा पट्टा बाजूला काढावा लागतो.

तरीही प्रोबवर डोळे मिटून विसंबणं धोक्याचं. खिडकीवर मालाचा थर चिकटला, तर पडद्यावरचा आकडा छान स्थिर दिसतो, आणि तो जुन्याच मालाचा असतो. वर्णपटावरून प्रमाण सांगणारं गणिती मॉडेलही ज्या नमुन्यांवर बेतलं, त्यांच्यापुरतंच खरं. पॉलिमरचा पुरवठादार बदलला, तर ते पुन्हा पडताळून घ्यावं लागतं. सलग उत्पादनासाठी नोव्हेंबर २०२२मध्ये ‘आयसीएच क्यू१३’ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना संमत झाली. कोणता माल केव्हा बाजूला वळवायचा, याचे निकष आधीच ठरलेले असावेत, अशी तिची अपेक्षा आहे.