पटावरचा बाजार

पुण्याच्या जुन्या पेठेतील एका बोळात, अरुंद जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या दोन खोल्यांत, आगगाड्यांच्या प्रतिकृती, इवले कुंचले आणि रंगाच्या बाटल्या विकणारे एक छंदसाहित्याचे दुकान आहे, ही वार्ता मला भाच्याकडून उशिराच कळली. परंतु त्या दुकानाचा पुढे जो लळा लागला, त्याचे श्रेय विक्रीच्या मालापेक्षा आतल्या खोलीतील लांब टेबलास आणि त्यावर सदैव उघड्या असणाऱ्या खेळांच्या पेट्यांस द्यावे लागेल. मालक गिऱ्हाइकास किंमत सांगण्यापूर्वी खुर्ची देतात व पहिला डाव स्वतः शिकवतात. आणि हीच रीत योग्य होय, कारण नुसती नियमपुस्तिका वाचून पटावरचा खेळ शिकणे हे कायद्याचे पुस्तक वाचून वकिली शिकण्याइतकेच निष्फळ आहे.

पट आपणांस नवा नव्हे. सारीपाटाच्या सोंगट्या आपल्या पूर्वजांनी रात्र रात्र फिरवल्या, सावंतवाडीच्या कारागिरांनी दशावतारी गंजिफांची १२० पाने रंगवली, आणि आपल्याच पचीसीचे सोपे रूप विलायतेत १८९६ साली ‘लुडो’ या नावाने पेटंट होऊन पुन्हा आपल्या ओसरीवर आले. मात्र लुडोत दान पडेल तसे निमूट चालावयाचे, एवढाच खेळाडूचा अधिकार.

हा अधिकार विस्तारण्याचे कार्य जर्मनांनी मनावर घेतले. तेथे वर्षातील उत्तम खेळास १९७९ पासून मानाचा पुरस्कार दिला जातो, आणि १९९५ साली तो ज्या ‘कातान’ला मिळाला, त्याचे कर्ते क्लाउस टॉयबर हे व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते. १९ षट्कोनी तुकडे जोडून एक बेट मांडावयाचे. त्यावर अरण्य, कुरण, शेत, मातीची टेकडी व डोंगर यांतून अनुक्रमे लाकूड, लोकर, धान्य, विटा व खनिज यांचे उत्पन्न वसूल करावयाचे. त्यातून रस्ते, वसाहती व नगरे उभारून जो प्रथम १० गुण मिळवील तो विजयी, असा हा मामला आहे. फासे येथेही आहेतच, परंतु त्यांचा कारभार हिशेबी आहे: जमिनीवर मांडलेल्या आकड्याइतकी फाशांची बेरीज आली, की तिच्यालगतच्या वसाहतीस त्या उत्पन्नाचे पत्ते मिळतात. दोन फाशांची एकंदर ३६ दाने संभवतात. त्यांपैकी सहाची बेरीज पाच प्रकारे, आठचीही पाच प्रकारे, पण दोन किंवा बाराची प्रत्येकी एकाच प्रकारे येते. जाणता गडी म्हणूनच सहा किंवा आठ आकड्याच्या जमिनीलगत वसाहत करतो. सात पडले, म्हणजे सहा प्रकारे येणारे सर्वांत संभाव्य दान पडले, की ज्याच्या हाती सातांहून अधिक पत्ते असतील त्याचे निम्मे जप्त होतात आणि दरोडेखोराची सोंगटी दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन बसते; साठेबाजास याहून समर्पक शासन कोणत्या दप्तरी लिहिलेले मी पाहिले नाही.

खरे व्यसन मात्र देवघेवीचे आहे. त्या टेबलावर महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि महाविद्यालयातील एक मुलगी यांचा सौदा मी ऐकला.

“काका, एक वीट द्या, दोन लोकर देते.”

“विटेचा भाव वाढलाय, मुली. लोकर दोन आणि वर एक धान्य.”

“मग तुमचा रस्ता मीच अडवते!”

काकांनी चष्मा पुसला, पट पुन्हा एकवार न्याहाळला, आणि दोन लोकरींवर मुकाट्याने तह केला. कोणीही गडी शेवटपर्यंत बाद होत नाही, त्यामुळे हरणाऱ्याच्याही शब्दाला बाजारात अखेरपर्यंत किंमत राहते. व्यापार नावाच्या खेळात पहिल्यांदा दिवाळे निघालेल्या मुलाने उरलेला वेळ इतरांचे डाव पाहत काढावा, हा जुलूम येथे नाही.

नवख्या वाचकाने पहिल्याच भेटीत भली मोठी पेटी विकत घेऊ नये. दुकानात किंवा परिचिताकडे एक डाव खेळून मगच खिशात हात घालावा. मूळ कातानला निदान तीन गडी लागतात. घरात दोघेच असतील, तर २००० साली निघालेल्या ‘कार्कासोन’पासून आरंभ करावा. त्याचे नियम सुलभ आहेत, आणि तो दोघांतही उत्तम रंगतो.