डिस्क आहे, पण दिसत नाही

लॅटव्हियातील रीगा शहरी १९९६ साली स्थापन झालेल्या मायक्रोटिक कंपनीची राउटरओएस ही प्रणाली सामान्य संगणकाकडूनही राउटरचे काम करवून घेते. परंतु तीच एखाद्या भारदस्त रॅक सर्व्हरवर चढवू गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, यंत्र सुस्थितीत असूनही त्याची डिस्क तिला दिसतच नाही. याचे कारण, सर्व्हरमधील डिस्क बहुधा रेड कंट्रोलरच्या आड असते, आणि त्या कंट्रोलरशी संभाषण करणारा ड्रायव्हर, जणू दुभाषाच, या प्रणालीच्या दफ्तरी दाखल नसतो. तिचा गाभा लिनक्सचा खरा, पण तो बंदिस्त असल्याने बाहेरचा ड्रायव्हर तीत घालण्याची मुभा वापरकर्त्यास नाही. अनोळखी नेटवर्क कार्डाचीही हीच गत. अशा वेळी सर्व्हरवर प्रथम प्रॉक्समॉक्ससारखा, ड्रायव्हरांचा मोठा संग्रह बाळगणारा हायपरव्हायझर बसवावा, यंत्रसामग्रीशी सारा व्यवहार त्याच्याकडे सोपवावा, आणि त्याने निर्मिलेल्या आभासी यंत्रात राउटरओएसची सीएचआर ही खास आवृत्ती चालवावी, हाच मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. कारण तेथील आभासी डिस्क व कार्ड तिच्या पूर्ण परिचयाची असतात. मात्र विनामूल्य परवान्यात प्रत्येक इंटरफेसमधून बाहेर जाणारा प्रवाह सेकंदाला १ मेगाबिटपुरताच मर्यादित असल्याने सशुल्क परवान्याची तजवीज आधीच करावी.