घरची मोटार : तिची निगा व तिचें आयुष्य

मोटारगाडी ही एकेकाळीं नामांकित वकील, डॉक्टर आणि जहागीरदार यांच्याच दारांत दिसणारी वस्तु होती. आतां ती मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि पूर्वीं बैलगाडी जेथें सुटत असे त्याच जागेवर येऊन उभी राहिली आहे. तिच्या खरेदीविषयीं घरोघरीं महिनेच्या महिने खल चालतो. रंग कोणता, पडदा केवढा, गाणीं कशीं ऐकूं येतात, येथपर्यंत लहान मुलें देखील आपलें मत देतात. परंतु एकदां पेढे वाटून झाले, चाकाखालचें लिंबू चिरडलें गेलें, म्हणजे पुढील दहाबारा वर्षें ती वस्तु कोणीं व कशी सांभाळावयाची याविषयीं त्याच घरांत अवाक्षरहि निघत नाहीं. आम्ही हा लेख त्या दहाबारा वर्षांसंबंधानें लिहीत आहों.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, एक मनोज्ञ दृष्टान्त आहे. मनुष्याचें आयुष्य नियत कीं अनियत, या प्रश्नाच्या ओघांत आत्रेय हे अग्निवेशास गाडीच्या आंसाची गोष्ट सांगतात. सर्वगुणसंपन्न आंस रीतसर वापरला तर झिजत झिजत आपल्या काळीं संपतो. तोच आंस अतिभारानें, खांचखळग्यांच्या वाटेनें, आडवाटेनें, चाक मोडल्यानें, ओढणाऱ्याच्या व हांकणाऱ्याच्या दोषानें, खीळ निघाल्यानें, वंगण न मिळाल्यानें अथवा गाडी उलटल्यानें अवेळीं मोडतो. आचार्यांस बोलावयाचें होतें तें देहाविषयीं. परंतु ही यादी घेऊन आजच्या कोणत्याहि गॅरेजांत जावें, तेथील मिस्त्री तींतील एकहि कलम खोडणार नाहीं अशी आमची खात्री आहे.

आमचें तामलवाडी हें गांव तुळजापूर तालुक्यांत, सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव झालें. रस्ता चौपदरी झाला, टोलनाका आला, आणि सोलापूर जवळ आलें. मोठा दवाखाना सोलापुरास, सरकारी कामें धाराशिवास, लेकीसुना पुण्याकडच्या, अशा घरांत गाडीस चैन म्हणण्याचे दिवस गेले. रात्रीं दोन वाजतां छातींत कळ आलेल्या वडील माणसास घेऊन निघतांना गाडी पहिल्या किल्लीस सुरू होते कीं नाहीं, यावर त्या घराचें पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

मोटारीचा आणि या मुलुखाचा संबंध तसा जुना आहे. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ सालीं मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिची पहिली मोटार बाहेर पडली. याच कारखान्याची फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली, तेव्हां आमच्या पिढीच्या पुष्कळांस एखादा वृद्ध सोयरा गेल्यासारखें वाटलें. त्या गाडीचा मालक आपण होऊन अर्धा मिस्त्री बनत असे. प्लग काढून कागदानें घांसणें, कार्ब्युरेटरांतला कचरा फुंकणें, घाटाच्या पायथ्याशीं रेडिएटरांत पाणी भरणें, ही त्याची नित्यकर्मेंच होतीं.

आजच्या गाडीचें झांकण उघडलें तर काळ्या आवरणाखेरीज फारसें कांहीं दिसत नाहीं, आणि त्यामुळें मालकाची अशी समजूत होते कीं, आपणांस करण्यासारखें येथें कांहीं उरलेंच नाहीं. ही समजूत घातक आहे. इंजिनाचें पोट आतां संगणक सांभाळतो खरा. तथापि तेल, पाणी, हवा आणि रबर यांचे धर्म कोणत्याहि संगणकानें पालटलेले नाहींत. चालकासमोरच्या दिव्यांची भाषा घरांतील प्रत्येक गाडी चालविणारास आली पाहिजे. पिंवळा दिवा लागला तर गाडी लौकर दाखवावी. तांबडा लागला तर ती ताबडतोब बाजूस घेऊन थांबवावी. तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा पेटला असतां ‘गांव आलेंच आहे’ म्हणून दोन मैल रेटणारा मनुष्य त्या दोन मैलांत सबंध इंजिन गमावूं शकतो.

आतां अतिभार व चाक यांविषयीं. येथें आम्ही थोडा अधिक वेळ घेणार आहों. कारण येथें नुकसान पैशाचें नसून माणसांचें होतें. आमच्या नात्यांतील एक कुटुंब चार वर्षांपूर्वीं वैशाखांत लग्न आटोपून भर दुपारीं परतत होतें. पांचांच्या गाडींत सात माणसें, मागें आहेराचीं भांडीं. टायरांची नक्षी चांगली खोल होती, म्हणून ते कोणास जुने वाटले नाहींत. प्रत्यक्षांत त्यांस आठवें वर्ष लागलें होतें. हमरस्त्यावर मागचा एक टायर फुटला, गाडी दुभाजकावर जाऊन आदळली. पुढच्या दोघांनीं पट्टा बांधला होता, त्यांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. मागें मधोमध बसलेल्या आजीबाईंनीं बांधला नव्हता. त्या वांचल्या, परंतु ज्या बाई पहांटे उठून सडासंमार्जन करीत, त्या आज काठीवांचून उंबरा ओलांडूं शकत नाहींत.

या प्रसंगांतील एकेक गोष्ट आधीं टाळतां आली असती. टायराच्या कडेवर लंबवर्तुळांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. रबर उभ्या गाडीवरहि म्हातारें होतें, आणि आमच्याकडे जेथें उन्हाळ्यांत पारा चाळिशीपार जातो तेथें तें अधिक लौकर होतें. म्हणून पांच वर्षें झालीं कीं दरवर्षीं जाणत्याकडून टायर तपासून घ्यावे, आणि कडेस बारीक भेगा दिसूं लागल्या तर नक्षीकडे न पाहतां ते बदलावे. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसाळ्यांत तितकी होण्याची वाट पाहणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट हवेची. ‘उन्हाळ्यांत हवा कमी ठेवावी, नाहीं तर टायर फुटतो’ हा समज आम्ही शिकलेल्या माणसांच्या तोंडूनहि ऐकला आहे. खरा प्रकार नेमका उलट आहे. हवा कमी असली म्हणजे टायराची कड दर फेऱ्यास अधिक दबते व वाकते. त्या वाकण्यानें ती तापते, आणि तापून तापून फाटते. हवेचें योग्य प्रमाण बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत छापलेलें असतें. पुष्कळ गाड्यांस तेथें दोन आंकडे असतात, एक थोड्या माणसांचा व एक भरल्या गाडीचा. हवा सकाळीं, टायर थंड असतांना तपासावी, आणि सुट्या चाकास विसरूं नये. दसऱ्यास गाडीला झेंडूचा हार घालण्यास आपण खालीं वांकतोंच. त्याच वेळीं चारहि चाकें हातानें चांचपून पाहण्यास मुहूर्त लागत नाहीं.

माणसांच्या संख्येविषयीं एकत्र कुटुंबांत बोलणें अवघड असतें. ‘तेवढा बाळ कोठें जड आहे, मांडीवर बसेल’ हें वाक्य प्रत्येक घरांत म्हटलें जातें. पुढच्या आसनावर मांडीवर बसलेलें मूल आणि फुगणारी हवापिशवी यांची गांठ पडणें किती भयंकर, हें त्या वेळीं कोणी मनांत आणीत नाहीं. गाडी पांचांची असेल तर पांचांनीं जावें, उरलेल्यांस एस. टी. आहे. मागच्या पट्ट्यांची सक्ती नियमानें आहेच, पण पुष्कळ घरीं ते पट्टे आसनाच्या कव्हराखालीं दडपून गेलेले असतात. ते आजच ओढून बाहेर काढावे.

चरकानें वंगणाचा उल्लेख केला आहे. इंजिनांतील तेलास किलोमीटरांची व महिन्यांची अशा दोन मर्यादा असतात, आणि जी आधीं येईल ती पाळावयाची असते. खेड्यांत गाडी थोडी फिरते. त्यामुळें ‘दहा हजार कोठें झाले?’ म्हणून दोनदोन वर्षें तेल बदलत नाहींत. थोडक्या अंतराच्या खेपांनीं इंजिन पुरतें तापत नाहीं आणि तेल उलट लौकर खराब होतें. म्हणून वर्षाची मर्यादा धरावी. ब्रेकचें द्रव्य हवेंतील ओलावा शोषून घेतें. तेंहि सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावें लागतें. इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकींत बोअरचें जड पाणी कधींहि घालूं नये. आमच्या भागांतील पाण्यानें हंड्याच्या तळाशीं जी पांढरी खिपली धरते तीच तेथेंहि धरते. हवेची गाळणी मात्र पुस्तकांत लिहिल्याहून लौकर पाहावी. काळ्या रानांतली धूळ पुस्तक लिहिणारानें पाहिलेली नसते.

उंदरांची गोष्ट हंसण्यावारी नेतात, पण ती नेऊं नये. सुगीनंतर शेतांतला उंदीर ऊब शोधीत इंजिनाखालीं शिरतो आणि तारा कुरतडतो. गाडी धान्याच्या कोठीशेजारीं उभी करूं नये, आठवड्यांतून दोनदां तरी हलवावी, आणि झांकण उघडून पाहावें. हलविण्यानें बॅटरीहि जगते.

इंधनाविषयीं दोन शब्द. आमच्या व शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत साखर कारखाने पुष्कळ. उंसापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत मिसळतात, आणि २०२५ सालीं तें प्रमाण देशांत शेंकडा २० च्या घरांत पोंचलें. लिटरामागें इथेनॉलाची शक्ति पेट्रोलाहून सुमारें एक तृतीयांशानें कमी, त्यामुळें गाडी थोडें अधिक पिते. त्याबद्दल मिस्त्र्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. जुन्या गाडीच्या मालकानें मात्र रबरी नळ्या व जोड तपासून घ्यावे. डिझेलचा प्रश्न निराळा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत ६ नियमांनंतरच्या डिझेल गाडीस धुराची काजळी धरणारी गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यास गाडी मधूनमधून कांहीं वेळ सलग वेगानें धांवावी लागते. ज्या घराची गाडी बहुतेक शाळा, बाजार व शेत एवढीच फिरते, त्या घरानें केवळ स्वस्त पडतें म्हणून डिझेल घेऊं नये.

गाडी ‘सुधारण्याचा’ हव्यास हल्लीं फार आहे. पुढें लोखंडी कठडा बसवितात. केंद्रसरकारनें २०१७ च्या डिसेंबरांतच असे कठडे नियमबाह्य असल्याचें राज्यांस कळविलें, कारण धक्का सोसण्याची गाडीची मूळची रचना व हवापिशव्या यांचें काम त्यांनीं बिघडतें. आसनांच्या कुशींत हवापिशवी असलेल्या गाडीस वाटेल तें जाड कव्हर शिवून घालतात आणि पैसे देऊन ती पिशवी कोंडून ठेवतात. समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे लावणें हा तर निव्वळ असभ्यपणा होय. सुधारावयाचेंच असेल तर चांगले टायर, मागील कॅमेरा, टायरांतील हवा मोजण्याचें यंत्र आणि लहान मुलाचें बांधावयाचें आसन घ्यावें. या वस्तु शेजाऱ्यास दिसत नाहींत, म्हणूनच कदाचित् त्यांस गिऱ्हाईक कमी.

एकत्र कुटुंबांत गाडी कोणाच्या नांवें असावी? आदरापोटीं ती घरांतील सर्वांत वडील माणसाच्या नांवें घेतात. आदर योग्य, परंतु विम्याचें कलम वाचून पाहावें. मालक-चालकासाठीं जो पंधरा लक्ष रुपयांचा अपघात विमा असतो, तो ज्याचें नांव नोंदणींत आहे व ज्याजवळ चालू परवाना आहे त्याच्यापुरताच असतो. आजोबा मालक, नातू चालक, अशा घरीं त्या रकमेवर नातवाचा हक्क पोंचत नाहीं. त्याच्यासाठीं वेगळी तजवीज करावी. तसेंच, २०२१ पासून नोंदणीपत्रांत वारसाचें नांव आधींच घालतां येतें. तें घालून ठेवावें. मालक निवर्तल्यास वारसानें तीस दिवसांत कचेरीस कळवून तीन महिन्यांत नांव बदलण्याचा अर्ज करावयाचा असतो. आणि सुतकांतल्या घरास त्या दिवसांत कागद शोधण्याचें भान नसतें.

जुनी ठेवावी कीं नवी घ्यावी, हा वाद शेवटीं येतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा कर शेंकडा १८ वर आला, त्यानें नवीचा मोह वाढला आहे. आमचें मत असें कीं, हा निर्णय वयावर न करतां वहीवर करावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व तपासणीनंतर पुढें पांच पांच वर्षें वाढते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेंहि पंधरावें वर्ष हा मृत्यु नव्हे. आमच्या घरीं गाडीची वही धाकट्या सूनबाईंकडे आहे. तेल, टायर, बॅटरी, विमा, धुराचा दाखला, प्रत्येकाची तारीख व खर्च त्या लिहितात, आणि वर्षअखेर बेरीज मोठ्यानें वाचून दाखवितात. दुरुस्तीचा खर्च लागोपाठ दोन वर्षें वाढत गेला आणि गाडी दोनदां वाटेंत उभी राहिली, तर ती विकावयाची, असें आम्हीं सर्वांनीं बसून ठरविलें आहे. गाडीचें हें अकरावें वर्ष. गेल्या सालची बेरीज त्याच्या आधल्याहून कमीच निघाली. बॅटरी मात्र मार्गशीर्षांत बदलावी लागेल, असें वहींत लाल शाईनें लिहिलेलें आहे.