इन्नंबूरचा हिशेबी संपादक

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावातल्या शिवाचं नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षर जाणणारा. देवळाच्या कारकुनाला हिशेब देता येईना, तेव्हा देवानंच त्याचं रूप घेतलं आणि चोळ राजापुढे हिशेब चोख मांडला, अशी कथा तिथे सांगतात. अक्षर आणि हिशेब ही दोन्ही खाती एकाच दैवताकडे! त्याच गावात 15 डिसेंबर 1859 रोजी कस्तुरीरंगा अय्यंगार जन्मले. मद्रासच्या ‘हिंदू’चे 1905 ते 1923 या काळातले मालक आणि संपादक ते हेच. त्या अठरा वर्षांचा मागोवा घेताना ही कथा वारंवार आठवते.

थोरले बंधू श्रीनिवास राघव अय्यंगार बडोद्याला सयाजीराव गायकवाडांचे दिवाण झाले. धाकट्यानं वकिली धरली. आधी कोइमतूर, मग 1894 पासून मद्रास. पुढच्याच वर्षी ते ‘हिंदू’चे कायदा सल्लागार झाले.

हे पत्र 1878 साली सहा तरुणांनी उसन्या पावणेदोन रुपयांवर काढलेलं. पहिल्या अंकाच्या प्रती 80. जी. सुब्रमण्य अय्यर यांची लेखणी जहाल, व्यवहार वीरराघवाचारींकडे. 1898 मध्ये अय्यर बाहेर पडले. नाव मोठं होतं, पण वर्गण्या थकलेल्या आणि डोक्यावर कर्ज. 1 एप्रिल 1905 रोजी अय्यंगारांनी पत्र 75,000 रुपयांना घेतलं तेव्हा खप 800च्या आसपास होता. वरवर पाहता हा आतबट्ट्याचा व्यवहार.

नव्या मालकानं अग्रलेखाआधी खतावणी हाती घेतली. फुकट अंक बंद, वर्गणी आगाऊ. रॉयटरच्या तारा सुरू झाल्या, जाहिराती वाढल्या. पाय रोवायचा अवकाश, लगेच कसोटी आली. ऑक्टोबर 1906 मध्ये आर्बथनॉट ही मातबर गोरी पेढी बुडाली आणि हजारो ठेवीदार देशोधडीला लागले. ‘हिंदू’नं प्रकरण लावून धरलं. सर जॉर्ज आर्बथनॉटला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली आणि 1907 मध्ये देशी भांडवलाची इंडियन बँक उभी राहिली.

1910च्या छापखाना कायद्यानं सरकारच्या हाती जामिनाचा चाबूक आला. मद्रासमध्येच ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’चा 2,000 रुपयांचा जामीन 1916 मध्ये जप्त झाला आणि नवा 10,000चा मागितला गेला. अशा दिवसांत तिजोरी रिकामी असलेल्या संपादकाचा आवाज किती दिवस टिकणार? 1917 मध्ये बेझंटबाई स्थानबद्ध झाल्या, तेव्हा अय्यंगार त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

1918 मध्ये सरकारनं पाच संपादकांना युरोपातली युद्धभूमी पाहायला नेलं. त्यात अय्यंगार होते आणि पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाश’चे गोपाळ कृष्ण देवधरही. सरकारी पाहुणचारानं अय्यंगारांचा सूर मात्र मवाळ झाला नाही. त्यांच्याच आग्रहावरून राजाजी सेलम सोडून मद्रासला आले. मार्च 1919 मध्ये गांधीजी मद्रासला अय्यंगारांच्या बंगल्यात उतरले. यजमान अय्यंगार असावेत असा त्यांचा समज होता, पण यजमान निघाले राजाजी! रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळण्याची कल्पना गांधीजींना सुचली ती याच मुक्कामात.

1922च्या काँग्रेस चौकशी समितीत कायदेमंडळ प्रवेशावरून तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. मोतीलाल नेहरू, हकीम अजमल खान आणि विठ्ठलभाई पटेल प्रवेशाच्या बाजूनं. अय्यंगार, राजाजी आणि डॉ. अन्सारी विरुद्ध. 12 डिसेंबर 1923 रोजी, चौसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, अय्यंगार गेले.

टिळकांसारखा मंडाले त्यांच्या वाट्याला आला नाही, म्हणून दंतकथाही नाही. तुरुंगात गेलेले संपादक आपण लक्षात ठेवतो, ते योग्यच. पण परक्या सत्तेपुढे वर्तमानपत्र रोज सकाळी उभं राहतं ते वेळेवर आलेल्या वर्गणीच्या बळावर, हे इन्नंबूरच्या या वकिलानं ओळखलं होतं. आपल्या पत्राची वर्गणी थकवणाऱ्या वाचकानं एवढं ध्यानात ठेवावं.