विश्लेषण : पायाचा रक्तप्रवाह अडल्यास बायपास की अँजिओप्लास्टी?

अंगठ्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. रात्री पाय पलंगाखाली सोडल्याशिवाय ठणका थांबत नाही. मधुमेही वा धूम्रपान करणाऱ्यांत ही पायाच्या धमन्या तुंबल्याची लक्षणे असू शकतात. रक्तपुरवठा वेळीच पूर्ववत झाला नाही, तर पाय कापण्याची वेळ येते. (केवळ चालताना पोटरी दुखत असेल, तर आधी तंबाखू बंद, औषधे आणि नियमित चालणे, शस्त्रक्रियेची घाई नको.)

पर्याय कोणते?

अँजिओप्लास्टीत बहुधा जांघेतील धमनीतून तार सरकवून फुग्याने अडथळा रुंद करतात, गरजेनुसार स्टेंट बसवतात. मोठी चिरफाड टळते, म्हणून रुग्णाचा कल साहजिकच तिकडे असतो. बायपासमध्ये अडथळा ओलांडून रक्ताला नवी वाट दिली जाते. त्यासाठी सर्वोत्तम नळी रुग्णाच्याच पायात असते: घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर.

संशोधन काय सांगते?

इथेच गोंधळ आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ चाचणीत १,८३० रुग्ण होते. ज्यांची ही शीर चांगली होती, त्यांच्यात मृत्यू, घोट्याच्या वरून पाय कापणे किंवा पुन्हा मोठी प्रक्रिया यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण बायपासनंतर ४२.६ टक्के, तर अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांनंतर ५७.४ टक्के होते. फरक प्रामुख्याने पुन्हा कराव्या लागलेल्या प्रक्रियांमुळे पडला. शीर चांगली नसलेल्यांत मात्र ठोस फरक दिसला नाही.

पुढच्याच वर्षी ब्रिटन, स्वीडन व डेन्मार्कमधील ३४५ रुग्णांवरील ‘बेसिल-२’ने उलट कौल दिला. पाय कापणे वा मृत्यू यांचे प्रमाण बायपास गटात ६३ टक्के, दुसऱ्या गटात ५३ टक्के. पाय कापण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. तफावत मृत्यूंची होती.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

दोन्हींवर. ‘बेसिल-२’मधील सर्वांनाच गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांवर उपचार हवे होते, ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये वरच्या धमन्यांचे रुग्णही होते. त्यामुळे अडथळा कुठे आहे, हृदय व मूत्रपिंडे मोठी शस्त्रक्रिया सोसतील का आणि शीर कशी आहे, यांवर निवड ठरते. शेवटचा मुद्दा अनेकदा तपासलाच जात नाही, हे खटकते. सोनोग्राफीने शिरेची जाडी मोजता येते. ती मोजली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. हृदयाची बायपास झालेल्यांनी तर आवर्जून, कारण त्या वेळी अनेकदा हीच शीर काढून वापरलेली असते.