भूकंप आणि मुंबईच्या जुन्या चाळी

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या मुंबईतही धक्का जाणवला आणि कोयनेची वीज खंडित झाल्याने येथील उद्योगांस झळ पोहोचली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या दाट वस्तीच्या भागांना भूकंपापासून कितपत भय आहे, या प्रश्नाचा विचार घबराट आणि बेफिकिरी ही दोन्ही टोके टाळून करावयास हवा.

ज्वालामुखीचे भय नाही

मुंबईच्या बेटांचा बहुतांश काळा पाषाण सहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वाहिलेल्या लाव्हारसापासून बनला आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ही त्याची ठळक खूण होय. ती उलथापालथ केव्हाच शांत झाली आहे. वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील उष्णोदकाची कुंडे पाहून भूगर्भात ज्वालामुखी धुमसत असल्याचा तर्क काही जण करतात, परंतु तो बरोबर नाही. भेगांतून खोलवर झिरपलेले पाणी तेथील स्वाभाविक उष्णतेने तापते व पुन्हा वर येते, एवढाच त्याचा अर्थ. भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे.

भूकंपाचे कारण

भूकंपाची गोष्ट वेगळी आहे. भारतीय भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशिया खंडास रेटत आहे. त्यामुळे हिमालयात मोठे भूकंप होतात; पण साठणारा ताण द्वीपकल्पातील जुन्या भेगांनाही जाणवतो. कोयनेच्या बाबतीत जलाशयात साठलेल्या पाण्याचा भार व खडकांत मुरणारे पाणी यांचाही संबंध शास्त्रज्ञांनी दाखवून दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे दगावली. हा परिसर तोवर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात असे. भारतीय मानक ब्यूरोच्या २००२ सालच्या नकाशात मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात व कोयना चौथ्या विभागात दाखविली आहे.

जमीन कशी, यावर बरेच अवलंबून

एकाच भूकंपाचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही. कठीण खडकावरील घर कमी हलते, तर भरावाच्या मऊ व ओलसर जमिनीत कंपने वाढतात. १९८५ साली भूकंपाचा उगम तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असूनही मेक्सिको शहराची मोठी हानी झाली. कारण शहराचा बराचसा भाग जुन्या सरोवराच्या गाळावर वसला होता. सात बेटांमधील खाड्या व सखल भाग बुजवून मुंबई उभी राहिली आहे. म्हणून येथे प्रत्येक बांधकामापूर्वी पायाखालच्या जमिनीची परीक्षा महत्त्वाची ठरते.

चाळींचा प्रश्न

भूकंपात जीवितहानी होते ती मुख्यतः पडणाऱ्या इमारतींमुळे. १९६९ च्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना कायद्याखाली मुंबई शहरातील १९,६४२ उपकरप्राप्त इमारती आल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातील अनेक चाळी याच वर्गातील. लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा मुळात लवचीक असतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु वर्षानुवर्षांच्या गळतीने लाकूड कुजते, वाळवी लागते, सांधे सैल होतात. त्यातच आधाराच्या भिंती काढणे, पोटमाळे चढविणे, टाक्यांचा भार वाढविणे हे प्रकार घडले, तर इमारत आणखी दुबळी होते. पावसाळ्यात जी इमारत धोकादायक, ती भूकंपातही धोकादायक, हे रहिवाशांनी ध्यानी घ्यावे. पुनर्विकासाने प्रश्न आपोआप सुटतो, असेही नाही. २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून केवळ खांबांवर उभारलेल्या इमारतींचे खांब पुरेसे मजबूत नसल्यास ते प्रथम मोडतात.

काय करता येईल

भूकंपाची आगाऊ वेळ सांगण्याचे शास्त्र अद्याप उपलब्ध नाही. म्हणून पूर्वतयारी हाच मार्ग उरतो. चाळ समित्यांनी तज्ज्ञांकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी, जिने व सज्जे अडगळीपासून मोकळे ठेवावेत, जड कपाटे भिंतीस जखडावीत. धक्का बसत असताना जिन्याकडे धावू नये. मजबूत मेजाखाली डोके झाकून बसावे व धक्का थांबताच शिस्तीने बाहेर पडावे. शिक्षकांनी शाळांतून याचा सराव घ्यावा. परळमधील मोठ्या रुग्णालयांच्या इमारतींची मजबुती विशेष महत्त्वाची आहे. कारण आपत्तीत सारा भार त्यांच्यावरच येणार. ग्रामपंचायत सदस्यांनीही किल्लारीचा धडा विसरू नये. दगडमातीच्या जाड भिंतींत आरपार दगड घालणे आणि दारांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा देणे, हे उपाय फार खर्चाचे नाहीत. भूकंप टाळणे माणसाच्या हाती नाही, परंतु घर कसे बांधावे व कसे राखावे हे मात्र निश्चितपणे त्याच्या हाती आहे.